चार पाइंट आणि एक लाइम-सोडा

पेडणेकरकाकांनी उभ्या आयुष्यात दारूचा थेंब तोंडात घेतलेला नाही, आणि अडतीस वर्षं ते रोज संध्याकाळी साडेपाचला न चुकता पबमध्ये जात होते.

ही दोन्ही विधानं खरी आहेत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा यातलं एक खोटं असणार असं मला वाटलं, आणि माणसांच्या एकंदर अनुभवावरून मी पहिलं खोटं धरलं. पुढे कळलं की काका खरोखरच लाइम-सोडा पितात. उंच ग्लास, बर्फ नाही, लिंबाची फोड नाही. 'फोड टाकली की ग्लासात काहीतरी मरून पडल्यासारखं दिसतं,' असं त्यांचं म्हणणं.

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो. हा माणूस मला फार आवडतो, आणि मी त्याच्यावर वर्षानुवर्षं जळत आलोय. जळण्याच्या बाबतीत मी तसा उदार आहे. कुणाचं प्रमोशन झालं, कुणाच्या बागेत आपल्यापेक्षा चांगले टोमॅटो आले, तरी माझ्या पोटात दुखतं. पण ते दुखणं दोन दिवसांत बरं होतं. काकांवरचं जळणं मात्र बरं होईना, कारण त्यांच्याकडे जी गोष्ट होती ती मला कुठे मिळणार हेच ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडे जायला एक जागा होती.

आम्ही ब्रिस्टलमध्ये राहतो, एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या एका चढावरच्या रस्त्यात. आमच्यापासून तिसरं घर काकांचं. वय शहात्तर. ठाण्याहून ऐन तिशीत इकडे आले आणि विमानाचे पंख करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून रिटायर झाले. विमानाचा पंख करताना एखादा भाग ठरल्यापेक्षा केसभर इकडेतिकडे झाला तर चालतं, पण किती इकडेतिकडे, ते ठरलेलं असतं. त्याला टॉलरन्स म्हणतात. काकांनी तो शब्द कारखान्यातून घरी आणला आणि अख्ख्या जगाला लावला. चहा कसा झालाय? 'टॉलरन्समध्ये आहे.' नवे पंतप्रधान कसे वाटतात? 'टॉलरन्सच्या बाहेर.' सुधाकाकू होत्या तेव्हा त्यांच्या हातच्या पुरणपोळीलाही त्यांनी 'टॉलरन्समध्ये' एवढंच म्हटलेलं मी ऐकलंय, आणि त्यावर काकूंनी पुढची पोळी माझ्या ताटात वाढली होती.

पबचं नाव 'द ग्रे हेरॉन.' काका त्याला बगळा म्हणायचे. काकूंना फोन केला की त्या सहज सांगायच्या, "हे बगळ्यात गेलेत." मी या रस्त्यात राहायला आलो त्याला अकरा वर्षं झाली. पहिले सहा महिने मला वाटत होतं की बगळा नावाचं काहीतरी योगासन असावं.

बगळ्यात काका कसे शिरले, ती गोष्ट त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितली असेल. कारखान्यातला केन नावाचा एक फोरमन त्यांना एकदा ओढून घेऊन गेला. कोपऱ्यातल्या टेबलावर चौकडी होती: केन, छपरांची कामं करणारा ब्रायन, पोस्टमन रॉय, आणि डेरेक. डेरेक काय करतो ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बारा वर्षं ते एका टेबलावर बसत होते, पण विचारायचं कसं? इथे हवा, फुटबॉल आणि रस्त्याची कामं सोडून दुसऱ्याला काही विचारणं म्हणजे त्याच्या कपाटात डोकावण्यासारखं. काकांना हे कुणी सांगितलं नव्हतं. ते बसले आणि आपल्याकडे रेल्वेत समोरच्याला विचारतात तसं डेरेकला विचारू लागले. कुठले तुम्ही? काम काय करता? लग्न झालंय? मुलं किती? टेबलावर अशी शांतता पसरली की काकांना आपल्या पँटची चेन उघडी राहिल्यासारखं वाटलं. मग डेरेक सावकाश म्हणाला की तो पियानो ट्यून करतो, आणि त्याला जुळ्या मुली आहेत. बाकीच्या तिघांना ते त्या दिवशी कळलं. केन म्हणाला, "हा माणूस उद्याही यायला पाहिजे." तेव्हापासून काका रोज जाऊ लागले.

त्या टेबलावर राउंडची पद्धत होती. आज एकानं उठून सगळ्यांचं आणायचं, मग दुसऱ्यानं. काका पीत नव्हते, पण आपली पाळी आली की उठायचे आणि ट्रे न घेता, दोन हातांत बिअरचे चार पाइंट आणि एक लाइम-सोडा असे पाच ग्लास आणायचे. एक थेंब सांडायचा नाही. मंडळाच्या गणपतीत मी त्यांना त्याच पद्धतीनं चहाचे पाच कप नेताना पाहिलंय. कोटाच्या उजव्या खिशात चपटा डबा असायचा, त्यात काकूंचा पातळ पोह्यांचा चिवडा. केन त्याला 'ग्रॅव्हल', म्हणजे खडी, म्हणायचा आणि डबा पुसून परत द्यायचा. पबच्या क्विझमध्ये त्यांच्या टीमचं नावच 'फोर पाइंट्स अँड अ लाइम' होतं.

आता माझी परिस्थिती ऐका. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. करोनापासून माझं ऑफिस आमच्या मधल्या खोलीत आहे. सकाळी मी जिन्यावरून सात पायऱ्या उतरतो आणि कामावर पोहोचतो. संध्याकाळी सात पायऱ्या चढतो आणि घरी येतो. भाजी दारात येते, जेवण दारात येतं. मित्र आहेत, नाही असं नाही. पण आमच्या मराठी ग्रुपवर कुणाकडे चहाला जायचं तर आधी पोल टाकतात. त्यात चार शनिवार असतात. मग कुणाच्या मुलाचं स्विमिंग, कुणाची क्रिकेट मॅच, असं करत पाचवाच रविवार ठरतो. त्याच्या आधी फॉर्म भरायचा: व्हीगन, ग्लुटेन-फ्री, नट-फ्री. गेल्या वर्षी मी एका मित्राला न कळवता त्याच्या दारात उभा राहिलो. त्यानं दार उघडून पहिला प्रश्न विचारला, "काय झालं? सगळं ओके आहे ना?" काही झालेलं नसताना आलोय, हे पटवून देण्यात दहा मिनिटं गेली.

म्हणून एकदा मी ठरवलं, आपणही पब धरायचा. बगळ्यात जायला लाज वाटली, तेव्हा टेकडीच्या पलीकडचा एक गाठला. छानपैकी खिडकीचं टेबल पाहून बसलो आणि वेटरची वाट बघू लागलो. पंधरा मिनिटं गेली. चाळीस गेली. मग मी पुण्याच्या सवयीनं बारकडे बघून एक बोट वर केलं. बारच्या अलीकडे बसलेल्या एका आजीबाईंना वाटलं मी त्यांनाच ओळख देतोय, म्हणून त्यांनीही प्रेमानं हात हलवला. आम्ही दोघं दोनतीनदा एकमेकांना हात करत राहिलो. शेवटी मी घसा कोरडा घेऊन घरी आलो. पबमध्ये टेबलावर कुणी येत नसतं, आपण उठून बारपाशी जायचं असतं, हे मला दुसऱ्या दिवशी काकांकडून कळलं. ते हसले नाहीत. "पहिल्याच दिवशी? टॉलरन्समध्ये आहे," म्हणाले. पण हे त्यांनी बगळ्यात सांगितलं असणार आणि केन टेबलावर थापा मारत हसला असणार, ही कल्पना मला आठवडाभर झोंबत राहिली.

काकांची आणि माझी गाठ पडायची ती सकाळी, कचऱ्याचे बिन बाहेर ठेवताना. मी मुद्दाम त्यांच्या वेळेला दार उघडायचो. काही विचारायचं नाही असं ठरवून बाहेर पडायचो, आणि पहिल्या मिनिटाला विचारायचो, "काय काका, काल काय झालं?"

रोज काहीतरी झालेलं असायचं. ब्रायन चर्चच्या छपरावर काम करताना खाली कुणीतरी त्याची शिडी काढून नेली आणि त्याला पूर्ण प्रार्थना ऐकावी लागली. रॉयनं तीस वर्षांत सतरा कुत्री चावून घेतली होती, आणि त्यानं ती चावण्याच्या क्रमानं नावानिशी म्हणून दाखवली. केन आणि डेरेकचं भांडण झालं की कावळा मोठा की डोमकावळा, आणि मॉरीननं, म्हणजे पबच्या मालकिणीनं, दोघांना तराजू आणून दिला. मी हातात दुधाच्या रिकाम्या बाटल्या घेऊन ऐकत राहायचो. मग घरात येऊन लॅपटॉप उघडायचो आणि मीटिंगमध्ये सहा चौकोनांतली सहा माणसं एकमेकांना 'यू आर ऑन म्यूट' सांगताना बघायचो. जीव नुसता जळायचा.

"अरे, तू एका पंचाहत्तरीच्या माणसावर जळतोयस," केतकी म्हणायची. केतकी माझी बायको. "लिसन टू युअरसेल्फ!"

"त्यांना चार मित्र आहेत."

"तुलाही आहेत."

"मला चार स्लॉट आहेत," मी म्हणायचो.

सगळ्यात जास्त लागायचं ते हे की काकांनी मला कधी बरोबर नेलं नाही. काकू गेल्या त्याला आता सहा वर्षं झाली. त्यानंतर मला वाटलं होतं की आता तरी म्हणतील, चल. मी आडून सुचवायचो, मग उघडच म्हणू लागलो, "काका, आज मी येऊ का?" ते जरा थांबायचे. "आज नको रे. ब्रायनचं जरा पर्सनल चाललंय." पुढच्या वेळी रॉयचा मूड नसायचा. त्याच्या पुढच्या वेळी क्विझची तयारी असायची आणि म्हणे बाहेरचा माणूस असला की डेरेक बोलत नाही. बाहेरचा माणूस! ज्या काकांनी डेरेकला बोलतं केलं त्यांनीच मला हे सांगावं! त्या दिवशी मी दार जरा जोरात लावलं.

वर चिवडा मिळायचा तो उरलेला. काकूंच्या पश्चात काका स्वतः चिवडा करतात. हळद टॉलरन्सच्या बाहेर असते. पण गेली काही वर्षं ते सकाळी मला डबा पुढे करायचे, "घे, उरलाय थोडा." मी घ्यायचो आणि मनात म्हणायचो, केननं खाऊन उरलेला आम्हाला. खायचोही सगळा.

मग मार्चमध्ये बगळ्यासमोरच्या लॅम्पपोस्टवर कौन्सिलची नोटीस लागली. पब बंद करून तिथे नऊ फ्लॅट होणार होते. मी ती नोटीस वाचली, आणि जे वाटलं ते लिहिताना आज मला लाज वाटते. मला बरं वाटलं. आता बघू, असं वाटलं. आता तुम्हीही या आमच्यात, टाका पोल, भरा फॉर्म. दुसऱ्या दिवशी मी बिनपाशी काकांना गाठलं आणि तोंड शक्य तितकं पाडून ती बातमी दिली.

"माहितीये," काका म्हणाले. "मॉरीननं जानेवारीतच सांगितलं. तिचंही बरोबर आहे. लोक पितात तेवढंच, पण हल्ली सुपरमार्केटमधून कॅन आणतात आणि एकेकटे पितात. तिनं किती दिवस दिवे लावून बसायचं?"

"मग तुमच्या ग्रुपचं काय?"

"बघू. टॉलरन्समध्ये आहे," असं म्हणून त्यांनी बिनचं झाकण दोनदा लावलं.

शेवटचा दिवस शुक्रवारचा होता. मला बोलावणं नव्हतंच. साडेपाच वाजता मी खिडकीतून काकांना चढावरून जाताना पाहिलं. कोट, उजव्या खिशाला डब्याचा फुगवटा. मी लॅपटॉप बंद केला.

"जा," केतकी म्हणाली. "निमंत्रण कसलं पाहिजे? पब आहे तो. तुझ्यामाझ्यासाठीच असतो."

मी गेलो. जाताना मनात सगळं चित्र तयार होतं: चौघं काकांच्या खांद्यावर हात टाकून बसलेत, केन भाषण करतोय, आणि मी दारात उभा राहून बघतोय. जळायची पूर्ण तयारी करूनच मी दार ढकललं.

आत तोबा गर्दी. पण ती सगळी आमच्यासारख्यांची. कधी न फिरकलेली माणसं भिंतीवरच्या पितळी बगळ्यापाशी फोटो काढत होती आणि एकमेकांना सांगत होती, "सच अ शेम." मला आमच्या रस्त्यातली तीन घरं दिसली. त्यांच्यातून वाट काढत मी मागच्या कोपऱ्याकडे गेलो.

टेबलावर काका एकटे होते. समोर लाइम-सोडा. टेबलाच्या कडेपासून सारख्या अंतरावर ग्लासाखाली ठेवायचे पाच पुठ्ठे मांडलेले, चार रिकामे. मध्ये चिवड्याचा डबा, काठोकाठ भरलेला.

"बाकीचे यायचेत?" मी विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग पायानं समोरची खुर्ची सरकवली.

"बस. रॉय गेला त्याला पाच वर्षं झाली. केनला चार. ब्रायनला त्याची मुलगी स्पेनला घेऊन गेली, तिथून फोन यायचा, आता येत नाही. डेरेक म्हाताऱ्यांच्या होममध्ये आहे. मी दर बुधवारी जातो. मीच त्याला विचारतो, कुठले तुम्ही, काम काय करता. त्याला आठवत नाही. मग मीच सांगतो त्याला, तू पियानो ट्यून करायचास, तुला जुळ्या मुली आहेत. त्याला फार आनंद होतो."

मी मूर्खासारखा म्हणालो, "पण परवाच तुम्ही सांगितलंत, केनचं भांडण, तो तराजू..."

"केननं केलं होतं ते. परवा नव्हतं केलं, एवढंच."

मागे कुणीतरी फोटोसाठी सगळ्यांना जवळ सरकायला सांगत होतं. काका पुठ्ठ्याची कड बोटानं सरळ करत राहिले.

"तुला कसा आणणार होतो इथे? आणला असता तर हे दिसलं असतं." त्यांनी पुढचा पुठ्ठा सरळ केला. "सुधा गेली आणि मग घरात मला कुणी विचारायलाच नाही, की काल काय झालं. आणि तू रोज सकाळी त्या बाटल्या घेऊन उभा. विचारायचास. आता विचारणाऱ्याला काय सांगू, काही नाही झालं म्हणून? आणि तुझं तोंड असं व्हायचं ना सुमीत... जळायचास तू. स्वच्छ दिसायचं. मला इतकं बरं वाटायचं. म्हटलं, अख्ख्या रस्त्यात एक माणूस तरी आहे जो आपल्यावर जळतो. म्हणजे आपलं अजून काहीतरी आहे."

माझे डोळे भरून आले. चार वर्षं मी चार रिकाम्या खुर्च्यांवर जळत होतो, आणि ती जागा बंद पडणार म्हणून खूश झालो होतो. हे त्यांना सांगावं असं वाटलं, पण धीर झाला नाही. मी उठलो.

"राउंड माझा," म्हणालो.

या वेळी मी टेबलावर वाट बघत बसलो नाही. बारपाशी गेलो, मॉरीनला काकांकडे बोट दाखवून दोन लाइम-सोडा सांगितले, तिनं बर्फ न घालता भरले आणि मला विचारलं, "यू आर द बिन्स चॅप, आरन्ट यू?" म्हणजे ते माझ्याबद्दल इथे सांगत होते. ऐकायला एकटी ती असली तरी. मी दोन ग्लास दोन हातांत घेऊन गर्दीतून आलो आणि टेबलापाशी येईपर्यंत निम्मा सोडा माझ्या बाहीत गेला होता.

काकांनी बाहीकडे पाहिलं. "टॉलरन्सच्या बाहेर," ते म्हणाले, आणि त्यांनी खिशातून रुमाल काढून दिला. मग तोच परत मागून घेऊन चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

सोमवारी बगळ्याच्या खिडक्यांना फळ्या लागल्या. साडेपाचला मी खिडकीत उभा होतो. काकांचं दार उघडलं. ते कोट घालून पायरीवर आले, चढावाकडे बघत दोन मिनिटं उभे राहिले आणि आत गेले. मी मेसेज केला नाही, फोन केला नाही. चपला घातल्या आणि जाऊन बेल दाबली.

"काय झालं?" काकांनी दार उघडून विचारलं. "सगळं ठीक आहे ना?"

"काही झालं नाही. आलोय."

ते बाजूला झाले. जेवणाच्या टेबलावर, कडेपासून सारख्या अंतरावर, बगळ्यातले पाच पुठ्ठे मांडलेले होते. मॉरीननं दिले असणार. मी कुठे बसावं ते न कळून उभाच राहिलो.

"तिथे बस. केनची जागा आहे, पण त्याला चालेल." त्यांनी आतून दोन ग्लास आणले, डब्याचं झाकण काढलं आणि डबा माझ्याकडे सरकवला. मी मूठभर चिवडा घेतला. हळद जास्त होती. काका समोर बसले, कोट अजून अंगातच.

मग मीच विचारलं, "काय काका, काल काय झालं?"

काकांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मी खरंच विचारतोय ना, ते बघत होते. मग त्यांनी सोड्याचा एक घोट घेतला, खुर्ची पुढे ओढली आणि त्यांचा चेहरा हळूहळू बिनपाशी असायचा तसा झाला.

"अरे, काल ना, केननं कहरच केला," ते म्हणाले, आणि मी केनच्या खुर्चीत मागे टेकून मनापासून जळायला लागलो.